क्वेरी लिहिली आणि 3000 ओळी आल्या

प्रश्न: नमस्कार ताई, मी रत्नागिरीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरची आंब्याची बाग, म्हणून प्रोजेक्ट पण पेट्यांच्या हिशोबाचा घेतलाय, जावामध्ये. सर म्हणाले कोडक्यूएल (कोडचा डेटाबेस करून त्याला प्रश्न विचारायची भाषा) शिक आणि ज्या क्लासमध्ये इक्वल्स (दोन वस्तू सारख्या का ते सांगणारी मेथड) आहे पण हॅशकोड (वस्तूवरून एक आकडा काढणारी मेथड) नाही ते शोधून दाखव. मी फ्रॉममध्ये क्लास सी आणि मेथड एम घेतलं, व्हेअरमध्ये एमचं नाव इक्वल्स, सिलेक्टमध्ये दोन्ही. आधी इक्वल्सवालेच बघू म्हटलं तर 3000 ओळी आल्या, माझे क्लास जेमतेम 40! एसक्यूएल मला येतं, मग चुकतंय कुठे?

उत्तर: अरे, सी आणि एमची तू गाठच घालून दिली नाहीस. एम हा सीमधलाच हवा हे कुठे सांगितलंस? मग प्रत्येक क्लास प्रत्येक इक्वल्सबरोबर जोडला गेला, 500 क्लास आणि 6 इक्वल्स असले की झाले 3000. आणि 500 कुठून आले म्हणशील तर तुझा कोड जावाच्या लायब्ररीतले जे क्लास वापरतो तेही डेटाबेसमध्ये येतात. म्हणून दोन अटी घाल, एमचा गेटडिक्लेअरिंगटाइप (तो ज्या क्लासमध्ये लिहिलाय तो) म्हणजे सी, आणि सीवर फ्रॉमसोर्स, मग फक्त तुझाच कोड राहील.

हॅशकोड नाही हे 'नॉट एक्झिस्ट्स'ने लिही, आणि आतल्या मेथडचीही सीशी गाठ घाल, तिथे परत तीच चूक होते. ही क्वेरी खरंच कामाची आहे हां, कारण दोन पेट्या इक्वल्सने सारख्या पण हॅशकोड वेगळा असेल तर हॅशसेटमध्ये (हा संच हॅशकोड बघूनच वस्तू ठेवतो आणि शोधतो) एक टाकून दुसरीवरून शोधायला गेलं की सापडत नाही, आणि असला घोळ नुसता कोड वाचून पटकन लक्षात येत नाही.

आता वारसा. हॅशकोड बापाच्या क्लासमध्ये असला तर चालेल ना, असं वाटून तू गेटएसुपरटाइपपुढे (हे क्लासचा बाप देतं) अधिकचं चिन्ह लावशील. आपल्याकडे कुलवृत्तांतात बाप, आजा, पणजा असं मूळ पुरुषापर्यंत जातात ना, ते चिन्ह तेच करतं, आणि त्याऐवजी फुली (*) लावली की स्वतःपासून मोजणी सुरू. पण जावात सगळ्यांचा मूळ पुरुष ऑब्जेक्ट, आणि त्याच्याकडे हॅशकोड आहेच, त्यामुळे उत्तर येईल शून्य आणि तुला वाटेल कोड एकदम स्वच्छ आहे. 3000 ओळी दिसतात तरी, हा शून्य जास्त फसवतो! ऑब्जेक्टला अटीतून वगळ.

अजून एक, इक्वल्सचा पॅरामीटर ऑब्जेक्ट टाइपचाच आहे का तेही तपास. तिथे पेटी लिहिलं असेल तर तो ओव्हरराइड (बापाची मेथड बदलणं) नाही, ओव्हरलोड (त्याच नावाची वेगळी मेथड) आहे, नुसत्या नावावरून दोन्ही सारखेच पकडले जातील.

मोठ्या प्रोजेक्टवर चालवायच्या आधी पाच क्लासचा छोटा कोड कर, दोन मुद्दाम चुकीचे ठेव. बरोब्बर तेच दोन आले की मग सरांना दाखव.