जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेलाय म्हणतात. ७० हजार घालू की गाडी काढून टाकू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २०११ची ह्युंदाई आय-टेन, १.२ ऑटोमॅटिक. सकाळी मस्त चालते, पण ट्रॅफिकमध्ये तापली की डीला (म्हणजे पुढे जायच्या ड्राइव्हला) टाकताना दणका बसतो आणि मध्येच तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ ठीक. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) करायचा, ७० हजार लागतील. गाडी विकली तर दीड लाख येतात. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून क्लचची गाडी चालणार नाही.

ऑटोमॅटिक गाड्यांची कामं करणं हाच माझा धंदा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आत्ता कोणालाही गिअरबॉक्स खोलू देऊ नका. आधी स्कॅनर, मग ऑइल, मग बाहेरच्या गोष्टी. एवढं झाल्याशिवाय जो ओव्हरहॉलचा आकडा सांगतो, तो अंदाजाने सांगतोय.

तिसऱ्या गिअरमध्ये अडकणं हा मुळात बिघाड नाही, तो बचाव आहे. गिअर बदलायचे निर्णय एक कंट्रोलर घेतो आणि त्यासाठी त्याला गिअरबॉक्सच्या आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग दोन सेन्सर सांगतात. यातला एखादा सिग्नल तुटला किंवा वेगांचा हिशोब जुळेना, की कंट्रोलर गिअर बदलणं थांबवतो आणि गाडी तिसऱ्यात धरून ठेवतो, म्हणजे निदान घरापर्यंत पोचता यावं. म्हणूनच तेव्हा ट्रॅफिक सिग्नलला थांबून निघताना गाडी उचलत नाही. इग्निशन बंद केलं की तो पुन्हा कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. आतल्या क्लच प्लेटा जळाल्या असतील तर त्या बंद-चालू करून बऱ्या होत नाहीत, गाडी थोड्याच वेळात पुन्हा स्लिप मारायला लागते. तुमची तापल्यावरच बिघडते आणि मधल्या काळात व्यवस्थित चालते, त्यामुळे मला पहिला संशय सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा सॉलिनॉइडचा (गिअर बदलायला ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) येतो. तापल्यावर सेन्सरची कॉइल आतून तुटक होणं किंवा कनेक्टरची पिन ढिली पडणं या वयाच्या गाडीत अगदी नेहमीचं आहे.

हे ताडून बघायला गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) पुष्कळदा फक्त इंजिनच्याच बिघाडांचे कोड दाखवतं. गाडी तापवून, बिघाड होऊ देऊन मगच स्कॅनर लावायला सांगा. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, हे विसरू नका, कारण बऱ्याच ठिकाणी आधी पुसतात आणि मग बोलतात. पी०७१५ किंवा पी०७२० आला तर वेगाचे सेन्सर बघायचे. पी०७५० आणि त्याच्या पुढचे बरेचसे सॉलिनॉइडचे असतात. पी०७०० एकटा आला तर त्यातून काहीच ठरत नाही, तो फक्त गिअरबॉक्सकडे बघा एवढंच सांगतो. पी०७३१ ते पी०७३४ यांपैकी काही आलं तर मात्र काळजीचं. त्या गिअरमध्ये वेगाचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. तरी तिथेही आधी ऑइलची लेव्हल बघायची.

ऑइल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडी चांगली तापवा, सपाट जागी उभी करा, इंजिन चालूच ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून हळूहळू फिरवून पार्कमध्ये आणा आणि मग डिपस्टिक काढून पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टेकवा. लालसर थेंब पसरत गेला तर उत्तम. तपकिरी झालंय पण जळका वास नाही, तर ऑइल म्हातारं झालंय, बदला. काळपट, करपल्याचा वास आणि टिश्यूवर बारीक काळे कण दिसले तर प्लेटा झिजल्या आहेत आणि गॅरेजवाल्याच्या बोलण्यात तथ्य आहे. गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. ज्या गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आत असतो, तिथे तो फुटला की कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं.

ऑइल बदलताना या गिअरबॉक्सला एसपी-३ प्रतीचंच घाला, 'सगळ्यांना चालतं' म्हणून दिलेलं नको. कित्येक वर्षं बदललं नसेल तर मशीन लावून फ्लश करू नका. खालून सोडायचं, तेवढंच भरायचं, काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तेच करायचं. एका वेळेला सगळं निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा ऑइलभरला भाग) बरंच उरतं. ड्रेन बोल्ट काढला की त्याच्यावर काय आलंय ते बघायला तिथे उभे राहा. राखाडी मऊ चिखल असतोच. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे असतील तर ओव्हरहॉलशिवाय गत्यंतर नाही.

डीला टाकतानाच्या दणक्याचं कारण तर गिअरबॉक्सच्या बाहेरही असू शकतं. इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी माउंट) फाटलं की इंजिन झटका खाऊन आदळतं आणि तो दणका हुबेहूब गिअरबॉक्सचा वाटतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून कोणाला तरी डी आणि रिव्हर्स करायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती उड्या मारतं ते बघा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) घाण होऊन आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, जास्त असेल तरी दणका बसतो. बॅटरी आणि अर्थिंगची वायर बघायला तर पाच मिनिटं लागतात.

आता पैशाचं. बाजारात दीड लाख येतात म्हणून ७० हजार घालू नयेत, हा हिशोब मला अर्धवट वाटतो. दीड लाखात दुसरी ऑटोमॅटिक घेतलीत तर तिच्या गिअरबॉक्सचं काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक नसणार. ही गाडी निदान ओळखीची आहे. पण २०११ची म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं भरल्यातच जमा. पुढे फिटनेस, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेणं, महाराष्ट्रात पर्यावरण कर, हे सगळं येणार. पत्रा गंजला नसेल, इंजिन धड असेल आणि नोंदणी वाढवून आणखी पाच वर्षं वापरायची तयारी असेल, तरच मोठ्या खर्चाचा विचार करा. तसं नसेल तर सेन्सर, ऑइल, फाउंडेशन एवढ्यावरच थांबा. तेवढ्याने नाही भागलं तर घेणाऱ्याला बिघाड सांगून, आहे त्या स्थितीत विका.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुना गिअरबॉक्स आणून बसवायचा सल्लाही मिळेल. त्यात मी पडलो नसतो. या मॉडेलच्या ऑटोमॅटिक मुळात कमी विकल्या गेल्या, त्यामुळे निवडीला वाव नाही, आणि उतरवणं-चढवणं ही मजुरी तीच पडते. घ्यायचाच झाला तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा नंबर जुळवा, आतलं ऑइल बघा आणि गाडीवर चालवून बघेपर्यंतची हमी लेखी घ्या.

आणि गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर दोरी बांधून ओढू देऊ नका. ही पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक आहे, इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतला पंप चालत नाही आणि ऑइलवाचून बेअरिंगं घासतात. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, नाहीतर पुढची चाकं उचलून न्या. कोडचा आणि टिश्यूवरच्या थेंबाचा फोटो मिळाला की इथे टाका, पुढचं मी सांगतो.