गणिताला घाबरू नकोस, त्याच्याशीच गाठ आहे

खानापूरच्या विद्यार्थिनीस,

तू बी.एस्सी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. आत्याच्या स्तनातल्या गाठीची २१ जीन्सची (जनुकांची) तपासणी झाली, तिची केमो टळली, आणि तेव्हापासून याच विषयात काम करायचं तुझ्या मनात आहे. पण दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणिताची धास्ती, आणि घरचे म्हणतात बी.एड. कर.

आधी तुझी भीती. "आत्याचे जीन्स बिघडलेत, मग माझेही?" असं विचारलंस. ही तपासणी वारशाची नाहीच. पेशीत जीन्स सगळे असतात. कोणते किती जोरात चालू आहेत ते आरएनए (चालू जीनवरून पेशी बनवते ती नक्कल) मोजून कळतं. ऑपरेशननंतर आत्याच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपला, त्याच्या पातळ कापांतून आरएनए काढला. १६ जीन्स कॅन्सरशी निगडित, ५ तुलनेपुरते. त्यातून आजार उलटण्याचा धोका सांगणारा ० ते १०० मधला एक आकडा निघतो. (वारशाची शंका उरलीच तर आत्याच्या डॉक्टरांना नक्की विचार.)

हा आकडा सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पोरी. २००४ साली तो ६६८ रुग्णांवर पडताळला : १० वर्षांत कुणाचा आजार शरीरात दूर कुठे उलटला, कुणाचा नाही. म्हणजे निम्मं काम संख्याशास्त्राचं. या कामात कॅल्क्युलस फारसं लागत नाही. संभाव्यता आणि रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची रीत) मात्र पक्कं हवं. 'आर' ही संगणकभाषा फुकट मिळते, जीन्सची खरी मोजमापंही जिओ (GEO) नावाच्या खुल्या भांडारात आहेत. रोज एक तास बस.

एम.एस्सी.साठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम या दोन्ही प्रवेशपरीक्षा दे. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स (जीवशास्त्राची माहिती संगणकावर अभ्यासायचा विषय) आहे, बंगळूरला त्याच विषयाची आयबॅब ही संस्था आहे. पुढे पीएच.डी.साठी खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर-संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना राखीव जागा असतात. तुझं गाव यादीत आहे का बघ.

बी.एड. वाईट नाही, ते एम.एस्सी.नंतरही करता येतं, हे वडिलांना सांग. आणि माध्यमाचा न्यूनगंड सोड. बेळगावच्या दवाखान्यात मराठी आणि कन्नड दोन्हींत रुग्णाला रिपोर्ट समजावणारं माणूस किती लागतं, ते तू आत्याजवळ बसून पाहिलंच आहेस.

आता आत्याचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पुन्हा काढ. ईआर, पीआर, हर-२, केआय-६७ या गाठीच्या चार तपासण्या : चारही ओळींचा अर्थ वहीत मराठीत लिही. जिथे अडशील, ते पुढच्या पत्रात कळव.