वालाचं बिरडं एचपीपी करून फ्रिजबाहेर सहा महिने टिकेल का?

तुमचं युनिट वागळे इस्टेटमध्ये आहे, नारळाच्या दुधातलं बिरडं पाउचमध्ये भरून बाहेरून एचपीपी (पाण्यातून प्रचंड दाब देऊन जंतू मारण्याची प्रक्रिया) करून घ्यायचं आणि फ्रिजशिवाय विकायचं, असा विचार दिसतो. कृपया असं करू नका.

एचपीपीचा ६०० मेगापास्कल दाब हवेच्या दाबाच्या जवळपास ६००० पट असतो. पण थंड पाण्यात दिलेल्या या दाबाने वाढते जिवाणू मरतात, बीजाणू (जिवाणूंची चिवट, सुप्त रूपं) तगून राहतात, कारण बीजाणूच्या गाभ्यात पाणी फारच कमी असतं. वाल मातीतून येतात, त्यामुळे बीजाणू असणारच असं धरून चाला. हवा काढलेलं पाउच, आंबट नसलेला पदार्थ आणि ठाण्याचा उन्हाळा, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जिवाणूला हेच हवं असतं. विष तयार झालं तरी पाउच फुगेलच किंवा वास येईलच असं नाही.

आमसुलांच्या भरवशावर राहू नका. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली लागतो, आणि तो नुसत्या रश्शाचा नव्हे. दुसऱ्या दिवशी डाळिंब्यांसकट सगळं मिक्सरमधून काढून मोजा. तिथवर नेलेलं बिरडं बहुधा खाववणार नाही इतकं आंबट होईल.

दाब आणि उष्णता एकत्र दिली तर मात्र बीजाणू मरतात. पाउच आधी आतपर्यंत ९० अंशांवर आणायचं, मशिनमधलं पाणीही तेवढंच गरम ठेवायचं आणि मग ६०० मेगापास्कल द्यायचे. दाबानेच पदार्थ तापतो: या तापमानाला पाणीदार पदार्थ दर १०० मेगापास्कलला साधारण ४ अंश, स्निग्धांश त्याहून जास्त. म्हणजे ११० ते ११५ अंश क्षणात मिळतात, काही मिनिटं धरायचे, आणि दाब सोडला की तापमान लगेच उतरतं. म्हणून डाळिंब्या कमी गळतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) २००९ मध्ये मॅश केलेल्या बटाट्यासाठी अशी प्रक्रिया स्वीकारली.

घोळ होतो तो मशिनमधल्या दाबाच्या भांड्याच्या भिंतीपाशी. पोलाद दाबाने तसं तापत नाही, त्यामुळे कडेच्या पाउचमधली उष्णता ते ओढून घेतं. आतून इन्सुलेटेड लायनर हवाच. दाब सोडल्यावर कडेच्या पाउचचं तापमान सुरुवातीच्या ९० च्या खाली दिसलं, तर मधल्या वेळात उष्णता गळाली असं समजा. सुरुवातीलाच एखादं पाउच ८५ ला राहिलं, तर दाबाखालीही ते बाकीच्यांच्या मागेच राहतं.

कमी दाबाने, म्हणजे १०० ते ३०० मेगापास्कलने, बीजाणू आधी रुजवायचे आणि मग ८० अंशांवर मारायचे, ही युक्तीही वाचायला मिळेल. त्यात काही बीजाणू रुजतच नाहीत आणि शिल्लक राहतात. फ्रिजबाहेरच्या मालाला ती माझ्या मते अजिबात नको.

बाहेरून एचपीपी करून देणारी बहुतेक मशिनं थंड पाण्यावरच चालतात, त्यांचं भांडं आणि सील ९० अंशांसाठी नसतात. तुमच्या मालाला रिटॉर्टच (बंद पाउच दाबाखाली उष्णतेने निर्जंतुक करणारं यंत्र) योग्य. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक सर्वांत जाड पाउचच्या मधोमध असलेल्या डाळिंबीत खुपसा. एफ-शून्य (मिळालेली उष्णता १२१ अंशांवरच्या किती मिनिटांइतकी, याचं माप) किमान ३ मिनिटं लागतं, मी ६ धरेन. पाउच फुटू नये म्हणून थंड करतानाही हवेचा दाब चालू ठेवा आणि थंड करायचं पाणी क्लोरीनयुक्तच वापरा, कारण गरम सील त्या वेळी मऊ असतं आणि तिथून पाणी आत शिरू शकतं.