साठी ओलांडलेल्या आईबाबांना घेऊन मोझेल नदीकाठाने सायकल टूर करता येईल का? रस्ता सपाट आहे म्हणतात, कंटाळा तर येणार नाही ना?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग तुमचा आहे. दुसरा तुमच्या डोक्यात कुणीतरी घातलाय, पैजेवर सांगते. बीआरएम (ठरलेल्या वेळेत दोनशे किंवा त्याहून जास्त किलोमीटर पुरे करायची सायकल राइड) करणारा एखादा मित्र असणार, घाट नसेल तर त्याला सायकलिंग न म्हणणारा. आमच्या घरात असे माझे धाकटे दीर आहेत, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार.

आधी कामाचं. आईबाबांना खुशाल न्या. जर्मनीतल्या ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंत सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर अंतर आहे, पण नदी इतकी वळणं घेते की काठाने जवळजवळ दोनशे होतात. एवढ्या अंतरात नदी उतरते फार तर साठ-सत्तर मीटर. मालवाहू बोटींसाठी जागोजागी बंधारे आणि लॉक (बोटी वर-खाली करणारे पाण्याचे हौद) बांधलेत, १९६४ पासून तशी वाहतूक चालू आहे. पाणी संथ, रस्ताही तसाच. दिशा कुठलीही चालेल, पण वारा बहुधा पश्चिमेचा असतो म्हणून ट्रिअरकडून निघा. दिवसाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जाऊ नका. जास्त जमणार नाही म्हणून नव्हे, थांबायला फार जागा आहेत म्हणून.

आता कंटाळ्याचं.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, आमचे हे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली नणंद आणि भाऊजी, म्हणजे तेच धाकटे दीर. बर्नकास्टेलहून ट्राबेन-ट्रारबाखला जायचं होतं. नकाशा बघा, तिथे नदी मोठा वेढा घालते. काठाने चोवीसेक किलोमीटर पडतात, मधला डोंगर ओलांडला तर जेमतेम सात-आठ. भाऊजींनी आदल्या रात्री जेवतानाच जाहीर केलं, "मी वरून जाणार. दोन-अडीचशे मीटरचा चढ आहे, निदान पाय तरी मोकळे होतील. वहिनी, तुम्ही या फिरत फिरत."

आलो फिरत फिरत. त्सेल्टिंगेनच्या पुढे डोक्यावर एक प्रचंड पूल येतो, १६० मीटर उंच आणि पावणेदोन किलोमीटरच्या आसपास लांब. तो होऊ नये म्हणून तिथल्या वाईनवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, शेवटी २०१९ ला उघडलाच. सगळ्या गाड्या तिकडे आभाळात आणि खाली आम्ही तिघं गप्पा मारत शेजारी-शेजारी सायकली चालवतोय. पुण्यात मी शेवटचं असं कधी चालवलं होतं ते आठवत नाही. शाळेच्या वयात, बहुतेक.

उर्त्सिगजवळ मी थांबले ती थांबलेच. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. द्राक्षबाग म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे मांडव येतो, खालून ट्रॅक्टर जाईल एवढी ऐसपैस सपाट जमीन येते. इथे जमीन अशी उभी की नुसतं उभं राहायलाही हात टेकावा लागेल. तारा नाहीत, मांडव नाही. प्रत्येक वेलीला स्वतःची एक काठी आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. खाली माती म्हणावी तर पाटीच्या दगडाच्या कपच्या. तो दगड दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. इतक्या उत्तरेला रीझलिंग (वाईनचं पांढरं द्राक्ष) पिकतं ते या दगडाच्या आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांच्या जोरावर.

माझ्या मनात एकच प्रश्न, जो निफाडच्या कुठल्याही माणसाच्या मनात येईल: ही माणसं फवारणी कशी करतात? ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर तर इथे चढणारच नाही. उताराच्या पायथ्याशी एक आजोबा मोनोरेलच्या इंजिनाशी खटपट करत होते. मोनोरेल म्हणजे एकाच रुळावरून उतारावर चढणारी छोटी ट्रॉली, माणसं आणि क्रेट वर न्यायला. त्यांना इंग्रजी बेताचं, त्यांच्या सुनेला चांगलं. विचारलं, तर म्हणाले, हेलिकॉप्टरने. मला वाटलं चेष्टा करतायत. खरंच करतात, आता ड्रोनही आलेत. रोग मात्र आपलेच, डावणी आणि भुरी. फोनवर फोटो दाखवले तर पान बघून दोघंही एकदम ओळखीचं हसलो. मग मी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी समजावली. वर्षातून दोनदा छाटता म्हणजे तुमच्या वेली झोपतात कधी, असं त्यांनी विचारलं. झोपत नाहीत, म्हटलं, कर्ज असतं. सुनेने ते भाषांतर केलं की नाही माहीत नाही, पण आजोबांनी मान हलवली. आपल्या थॉमसन द्राक्षाचा घड बघून म्हणाले एवढा मणी होतो कसा, आणि जीएमध्ये (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) घड बुडवतो हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचा रीझलिंगचा मणी वाटाण्याएवढा, बियांचा आणि इतका आंबट-गोड की जीभ जागी होते.

या सगळ्यात भाऊजींचे फोन. ते कधीच पोचून ट्राबेनच्या पुलापाशी बसले होते. आम्ही अजून क्रोफमध्येही नव्हतो. (क्रोफच्या प्रसिद्ध वाईनचं लेबल जरूर बघा. उघड्या ढुंगणावर फटके खाणारं पोर आहे त्याच्यावर. आमच्या यांनी रिकामी बाटली घरापर्यंत आणली.) पोचलो तेव्हा मी विचारलं, वर काय पाहिलंत? म्हणाले झाडी होती, रस्ता चांगला होता, आणि हार्ट रेट एवढा गेला. बस.

तरीही त्या दिवसापासून प्रत्येक दिवाळीला हेच ऐकते की वहिनी सहलीला गेल्या होत्या, सायकलिंग मी एकट्याने केलं. नणंदेच्या ई-बाईकवरून तर दरवेळी बॅटरीचे विनोद. आता इथे लिहूनच टाकते, वाचू देत. तिथल्या ई-बाईकची मोटर पायडल मारल्याशिवाय चालत नाही आणि ताशी २५ च्या वर मदत करत नाही. नणंदेने रोज पायडल मारलं. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करणं ही मोठीच गोष्ट आहे, मला जन्मात जमणार नाही, आणि भाऊजींनी ती केली त्याचं कौतुकच आहे. पण ज्याला दर अर्ध्या तासाला घड्याळ बघावं लागतं त्याने नदीकाठाला कंटाळवाणं म्हणू नये. त्याने नदीकाठ बघितलेलाच नसतो.

तर तुमच्या आईंना ई-बाईक घ्या आणि बाबांनाही घ्या, ते नको म्हणतील तरी. पुरुषांना तिसऱ्या दिवशी पटतं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पूर्ण वाहनमुक्त म्हणाल तर मोझेलचा मार्ग तसा नाही. बराचसा आहे. पण काही पट्ट्यांत, विशेषतः कोखेमच्या पुढे, सायकलचा रस्ता हमरस्त्याला चिकटून जातो. वेगळा असतो, धोका नाही, पण गाड्यांचा आवाज दिवसभर कानात राहतो. गाडीच नको असेल तर डाउन नावाच्या गावापासून बर्नकास्टेलपर्यंत करा. बराचसा जुनी रेल्वेलाईन उखडून केलेला रस्ता आहे, साठ किलोमीटरच्या आत, बोगदे आणि दगडी पूल तसेच ठेवलेत. डाउन उंचावर आहे, म्हणून सायकली मागच्या ट्रेलरवर टाकून नेणारी बस बर्नकास्टेलहून पकडायची आणि खाली उतरत यायचं. ती फक्त हंगामात असते, जागा आधी राखून ठेवा. आईबाबांसाठी खरं तर हाच पहिला दिवस असावा.

दमल्यावर रेल्वे पकडू असा बेत असेल तर एक लक्षात ठेवा, बर्नकास्टेलला रेल्वे नाही. ट्राबेनहून फाटा आहे, आणि बुलायपासून पुढे लाईन बरीचशी नदीजवळूनच जाते. त्या राज्यात लोकल गाड्यांतून कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर सायकल फुकट नेता येते.

महिना मे-जून नाहीतर सप्टेंबर. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला नदी फुगली की काठचा रस्ता पाण्याखाली जातो. सप्टेंबरात तोडणी असते, वाईनवाल्यांच्या अंगणातल्या खानावळी तेव्हा उघड्या सापडतात. त्यांना वर्षातले ठरावीकच महिने परवानगी असते, त्यामुळे बाकी वेळी दार बंद दिसलं तर नवल नाही. शाकाहारी असाल तर फ्लामकुखेन (पातळ पिझ्झासारखा पदार्थ) मागवताना "ओने श्पेक" म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतील. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच घेऊन ठेवा. आणि वाईन संध्याकाळी, सायकल लावल्यावर. तिथे पिऊन सायकल चालवणंही गुन्ह्यात मोडू शकतं.

मुक्कामाला बेट+बाइकची पाटी असलेली जागा शोधा. एकाच रात्रीसाठीही खोली देतात आणि सायकली आत कुलपात ठेवायला जागा असते.

नाशिकला असं काही आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खाली कुणीतरी विचारेलच. गंगापूर धरणाकडच्या वाईनरीच्या रस्त्याला शनिवार-रविवारी अजिबात जाऊ नका, गाड्यांची जत्रा असते. नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला पाटाच्या कडेचे रस्ते आहेत, दोन्हीकडे बागा, पुढे पक्षी. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे लवकर निघालात तर बऱ्यापैकी मोकळे मिळतात. जानेवारीपासून माल निघायला लागला की पिकअप आणि ट्रॅक्टर सुरू होतात, मग नको.