मुक्त प्रणालीवरील ध्वनी-सॉफ्टवेअरवर पोट भरेल का?

प्रश्न : माझे संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण झाले असून फोंड्यात माझ्या थोरल्या भावाचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. चतुर्थीपूर्वी तेथे घुमट आरत्यांचे, म्हणजे घुमट या मातीच्या गोमंतकीय वाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरत्यांचे, ध्वनिमुद्रण चालते. घुमटाचा खर्ज आणि साथीच्या शामेळ या तालवाद्याचा तीक्ष्ण नाद एकमेकांवर चढू नयेत, यासाठी मी लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर एक प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, तयार केले आहे. नोकरी सोडून हेच काम वाढवावे असे मनात आहे. मुक्त प्रणालीवर असे सॉफ्टवेअर विकून घर चालते का? कोड खुला ठेवला तर पैसे कोण देणार?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कोड खुला असूनही ग्राहक पैसे देतात, हे ‘आर्डर’ या ध्वनिमुद्रण-प्रणालीने दाखवून दिले आहे. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेल्या या प्रणालीचा मूळ कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली कोणालाही मिळतो, डेबियनसारख्या वितरणांतून (लिनक्सच्या तयार संचांतून) ती विनामूल्यही घेता येते. तरीही अधिकृत संकेतस्थळावरील तयार प्रोग्रामसाठी किंमत मोजावी लागते आणि अनेक जण दरमहा थोडी रक्कम देतात. आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, म्हणून स्पष्ट सांगतो : जीपीएल परवाना विक्रीला मनाई करत नाही. ज्याला प्रोग्राम दिला त्याला मूळ कोडही मिळावा आणि तो पुढे वाटण्याची त्याला मोकळीक असावी, ही त्याची मुख्य अट आहे. ग्राहक पैसे देतो ते तयार, तपासलेल्या आणि वेळोवेळी सुधारल्या जाणाऱ्या प्रोग्रामसाठी. मात्र डेव्हिस हे अमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक होते, ही गोष्ट आपण नजरेआड करू नये. विक्रीतून उत्पन्न सुरू होईपर्यंत तग धरण्याची ऐपत प्रत्येकाकडे नसते.

दुसरा मार्ग हॅरिसन या मिक्सिंग कन्सोल (अनेक आवाज एकत्र जुळवण्याचे स्टुडिओतील यंत्र) बनवणाऱ्या कंपनीचा आहे. तिने २००९ मध्ये आर्डरच्याच पायावर ‘मिक्सबस’ आणले, पण आपल्या कन्सोलच्या नादाची प्रक्रिया स्वतंत्र, बंद घटकात ठेवली. आपल्यासाठी हाच मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण आपले खरे भांडवल घुमटाच्या नादाची जाण हे आहे.

केवळ लिनक्सच्या ग्राहकांवर मात्र विसंबू नये. ‘बिटविग स्टुडिओ’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर २०१४ मधील पहिल्या आवृत्तीपासून लिनक्सवर चालते, तसलेच ‘रीपर’ही चालते, पण दोन्ही विंडोज आणि मॅकवरही विकली जातात. ‘ज्यूस’सारखी तयार कोडची चौकट वापरल्यास एकाच सी++ कोडमधून तिन्ही प्रणालींसाठी प्लगइन तयार होते. तिचा परवाना एजीपीएल (जीपीएलसारखाच, कोड खुला ठेवायला लावणारा) किंवा व्यावसायिक असा दुहेरी आहे. कोड बंद ठेवायचा असेल तर व्यावसायिक परवाना आधीच घ्यावा लागेल. तांत्रिक अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, कारण ध्वनी संगणकातून जाताना होणारा विलंब आटोक्यात ठेवणारी रिअल-टाइम व्यवस्था २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आली आहे. खरा वेळ जातो तो ग्राहकांना उत्तरे देण्यात : वितरणे अनेक, ध्वनी-सर्व्हर (प्रोग्राम आणि साउंड कार्ड यांच्यात आवाज पोहोचवणारे घटक) वेगवेगळे आणि प्रत्येकाची तक्रार निराळी. आपण कोणत्या वितरणांसाठी जबाबदारी घेता, हे विक्रीच्या पानावर ठळक लिहावे.

घुमट आरतीच्या ध्वनिमुद्रणापुरती ग्राहकसंख्या फारच थोडी राहील. पण मातीच्या पोकळीतून उठणारा खर्ज दक्षिणेतील घटम् आणि नायजेरियातील उडू या वाद्यांतही आहे. त्यांची ध्वनिमुद्रणे मिळवून प्लगइन त्यांवर चालवून पाहावे. ते तेथेही उपयोगी ठरले तर गिऱ्हाईक गोव्याबाहेर, बहुधा भारताबाहेरही मिळेल. तोवर नोकरी सोडू नये. येत्या चतुर्थीचा हंगाम भावाच्या स्टुडिओत याच प्लगइनवर काढावा, आणि बाहेरच्या चार-पाच ध्वनिमुद्रकांना ते अल्प का होईना, किंमत घेऊनच वापरायला द्यावे. फुकट घेणारा स्तुती करून मोकळा होतो. पैसे मोजलेला माणूस दोष सांगतो, आणि आपल्याला आज त्याच दोषांची यादी हवी आहे.