खोली बदलायची आहे; अर्जात काय लिहू?

दिवाळीची सुट्टी संपवून मुले पुण्यात परतली, की खोली आणि जोडीदार बदलण्याविषयीची पत्रे वाढतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी शिवाजीनगर भागातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहतो. रूममेट रात्री दोन-अडीचपर्यंत दिवा लावून वाचतो आणि मला सकाळी साडेसातच्या प्रॅक्टिकलला जावे लागते. 'आमचे पटत नाही' असा अर्ज दिला, पण रेक्टरांनी तो बाजूला ठेवला. आता काय करावे?

उत्तर : रेक्टर म्हणून काम करताना या तीन शब्दांचे कितीतरी अर्ज मी वाचले आहेत. त्यावरून काहीही ठरवता येत नाही, कारण नेमकी अडचण काय आहे तेच त्यातून कळत नाही. गेल्या दोन आठवड्यांत किती रात्री दिवा चालू होता, प्रॅक्टिकल कोणत्या वारी असते आणि तुम्ही जोडीदाराशी याविषयी केव्हा बोललात, हे अर्जात लिहा. बोलला नसाल तर आजच बोला. मात्र ते रात्री दोन वाजता झोपमोड झाल्यावर नव्हे, तर मेसमध्ये जेवताना शांतपणे बोला. माझ्याकडे असाच एक अर्ज आला होता. मी खोलीत गेलो, तर ट्यूबलाइट नेमकी अर्जदाराच्या उशीवर होती आणि दुसऱ्याच्या टेबलाजवळचा प्लग कित्येक दिवस बंद पडलेला होता, त्यामुळे त्याला टेबल लॅम्प लावताच येत नव्हता. प्लग दुरुस्त केला, एक कॉट समोरच्या भिंतीला सरकवली आणि दोघे पुढची दोन वर्षे त्याच खोलीत राहिले.

एवढे करूनही जमले नाही, तर अदलाबदलीला तयार असलेला विद्यार्थी स्वतः शोधा आणि चौघांच्या सह्यांचा अर्ज द्या. रिकामी खोली मागणाऱ्या अर्जापेक्षा असा अर्ज लवकर मंजूर होतो. दाद मिळाली नाही, तर प्राचार्यांकडे आणि त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असे अपेक्षित आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो: जोडीदाराची जात, गाव, बोली किंवा त्याच्या ताटातले अन्न, ही खोली बदलण्याची कारणे मी कधीही मान्य केली नाहीत आणि कोणत्याही रेक्टरने ती करू नयेत.

प्रश्न : माझी मुलगी प्रथम वर्षाला आहे. तिच्या खोलीतील वरच्या वर्गाच्या दोघी तिच्याकडून कपडे धुऊन घेतात आणि नकार दिला तर तिला रात्री खोलीबाहेर उभे करतात. आधी समजुतीने बोलावे का?

उत्तर : नाही, ताई. हा न पटण्याचा प्रश्न नाही. हे रॅगिंग आहे. आजच प्राचार्यांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधितांना निलंबित करायचे असते. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मुलीला आज रात्री दुसऱ्या खोलीत झोपू द्या, पण तिची खोली बदलून प्रकरण मिटवू देऊ नका. हलवायचे तर त्या दोघींना हलवावे. नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावे, असे आयोगाच्या २००९ च्या विनियमांतही म्हटले आहे, त्याची आठवण संस्थेला करून द्या.

प्रश्न : आम्ही दोन मित्रांनी आपापसांत खोल्या बदलल्या आहेत. कार्यालयाला कळवलेच पाहिजे का?

उत्तर : होय, उद्याच कळवा. एकदा रात्री एका मुलाच्या वडिलांच्या अपघाताचा फोन आला. नोंदवहीतील खोलीचे दार वाजवले, तर आत भलताच मुलगा. खरा मुलगा सापडेपर्यंत पाऊण तास गेला आणि स्वारगेटहून सुटणारी त्याच्या गावची शेवटची एसटी निघून गेली. शिवाय स्वतःच्या नावावर नोंद नसलेल्या खोलीत राहणारा विद्यार्थी तपासणीत 'पॅरासाइट', म्हणजे वसतिगृहात अनधिकृतपणे राहणारा, ठरू शकतो.

प्रश्न : नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका कॉटपुरते भाडे देऊन, राहते. पार्टनरशी पटत नसल्याने जागा सोडायची आहे, पण करार तोंडीच झाला होता आणि मालक डिपॉझिट द्यायला तयार नाहीत.

उत्तर : मालक त्याच घरात राहत नसतील, तर तुमची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लेखी करार करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. मालक त्याच घरात राहत असतील, तर तुम्ही पेइंग गेस्ट ठरता आणि हे कलम तुम्हाला लागू होईलच असे नाही. दोन्ही परिस्थितींत डिपॉझिट दिल्याची बँकेतील नोंद काढून ठेवा आणि जागा सोडण्याची तारीख एक महिना आधी लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर कळवले तरी चालेल, पण मालकांचे उत्तर जपून ठेवा. निघण्याच्या दिवशी कॉट, कपाट, पंखा आणि नळ यांचे फोटो काढा आणि किल्ली परत केल्याचे मालकांकडून लिहून घ्या.