नगरसेवकाचं मुख्य काम रस्ते करणं हेच ना? मग दरवर्षी त्याच जागी खड्डा पडतो त्याचा जाब कुणाला विचारायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गल्लीत चार वर्षांत दोनदा डांबर पडलं, तरी शाळेच्या कोपऱ्यावरचा खड्डा दर पावसाळ्यात हजर, आणि नगरसेवक फोन उचलत नाहीत. शेवटी विचारलंय, "पुढच्या वेळी मत देताना कुणी किती रस्ते केले हेच मोजायचं का?" हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. एरवी या विषयावर तोंड उघडायचं नाही असं घरी कबूल केलेलं आहे.

मी एका महापालिकेच्या पथ विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. ३१ वर्षं झाली नोकरी. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझ्या थोरल्या भावाला लगेच कळेल. न सांगताही कळेल म्हणा.

आधी कायद्याचं उरकतो. नगरसेवक रस्ता करत नाही. एक घमेलं खडी टाकायचा हुकूमसुद्धा त्याला देता येत नाही. रस्ते बांधणं आणि नीट ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये ते आहे (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा). अंमलबजावणी आयुक्तांची, म्हणजे प्रत्यक्षात आमच्यासारख्यांची. नगरसेवकाने अंदाजपत्रकात आपल्या भागाचं काम घालून घ्यायचं, मुख्य सभेत नाहीतर प्रभाग समितीत अधिकाऱ्याला उभं करून विचारायचं, आणि फाइल ज्या टेबलावर झोपली असेल तिथे जाऊन तिला उठवायचं. बाकी सकाळी सहापासून मेलेलं कुत्रं, बंद दिवा, तुंबलेलं चेंबर, न आलेला टँकर, दाखल्यावर चुकलेलं नाव. यातलं निम्मं त्याच्या अखत्यारीत नसतं, तरी फोन त्यालाच.

मग लोक त्याला डांबरावर का मोजतात? डांबर दिसतं म्हणून. नारळ फोडता येतो, फ्लेक्स लावता येतो.

आता माझी गोष्ट. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही, असं आपलं माझं मत.

२०१२ च्या निवडणुकीत निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या आणि आमच्या हद्दीतून एक बाई निवडून आल्या. घरी ब्लाउज-परकर शिवायच्या. पहिल्या दिवशी कार्यालयात आल्या तेव्हा आमच्यातले एक साहेब त्यांना तोंडावर म्हणाले, "यजमानांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." बाई म्हणाल्या, "ते कामावर गेलेत. आणि निवडून मी आलेय." मी शेजारच्या टेबलावर खाली मान घालून बसलो होतो. हसलो होतो, हेही लिहून टाकतो.

माझा भाऊ राहतो तो रस्ता त्यांच्याच प्रभागातला. लांबी साधारण ४०० मीटर. आधीच्या नगरसेवकांनी सात वर्षांत त्यावर तीनदा कार्पेट, म्हणजे डांबराचा नवा थर, टाकलं होतं. तिन्ही वेळा मोजमाप पुस्तक (झालेलं काम मोजून नोंदवायची वही, तिच्यावरूनच बिल निघतं) मी लिहिलं, त्यामुळे छातीठोकपणे सांगतो, माल खोटा नव्हता. तरी कोपऱ्यावर खड्डा पडायचाच. दादा मला जेवताना ऐकवायचा, "तुम्ही लोक खाता." मी त्याच्याच ताटात वाढलेलं खात असायचो, म्हणून गप्प बसायचो.

२०१३ चा एप्रिल संपत आलेला, दुपारचे साडेबारा. बाईंचा फोन, "साहेब, आत्ता या." गेलो तर त्या खड्ड्याशेजारी उकिडव्या बसलेल्या, डोक्यावर पदर. बोटाने कडेची खडी उचकटली आणि बोट माझ्यापुढे धरलं. बोटाला चिखल.

"दिवाळीपासून पाऊस नाही. ही ओल कुठली?"

"कुणी गाडी धुतली असेल, ताई."

"गाडीचं पाणी वरून लागतं. इथे वरची खडी कोरडी आणि खाली चिखल. भिंतीला ओल आली तर आम्ही आधी रंगारी बोलवत नाही, नळ बघतो."

तोपर्यंतच्या २० वर्षांच्या नोकरीत मी त्या खड्ड्याजवळ किमान पन्नास वेळा उभा राहिलो असेन. पावसाळ्यात, कारण तक्रार पावसाळ्यात येते. उन्हाळ्यात खड्डा बघायला कोण जातं?

दोन दिवसांनी बेलदार लावून तिथे खोदलं. जलवाहिनीच्या एका जोडातून पाणी झिरपत होतं. धार वगैरे नव्हती, नुसता पाझर, पण बारा महिने चोवीस तास. आणि पुढे शोधता शोधता सापडलं की पावसाळी गटार कोपऱ्यापर्यंत येऊन तिथेच संपतंय. नकाशात ते पुढच्या मोठ्या गटाराला जोडलेलं होतं. जमिनीत नव्हतं. म्हणजे वरचं पावसाचं पाणी आणि खालचं नळाचं पाणी दोन्ही त्या कोपऱ्यात मुक्कामाला. खालची माती भिजली की चाकाखाली दबते, वरचा थर तडकतो, तडीतून आणखी पाणी शिरतं आणि डांबर खडीला सोडून देतं. अशा जागेवर तुम्ही चौथं कार्पेट टाका, पाचवं टाका.

यापुढचे आठ महिने मी सगळे सांगत बसत नाही. पाणीपुरवठा म्हणे, पथ विभाग खोदाईची परवानगी देत नाही. आम्ही म्हणायचो, आधी खोदाईचं शुल्क भरा. दोघंही एकाच महापालिकेचे! ड्रेनेजवाले म्हणे, गटाराला तरतूदच नाही. बाई दर मंगळवारी येऊन बाकावर बसायच्या. आरडाओरडा नाही, कार्यकर्ते नाहीत, पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायच्या. एकदा तर हुक लावायचे राहिलेले ब्लाउज घेऊन आल्या होत्या. शेवटी त्यांनी जे केलं ते माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्या कुणी केलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्याच नावावर अंदाजपत्रकात त्या रस्त्याच्या डांबरीकरणाचे पैसे होते. ते त्यांनी वर्गीकरण करून गटाराकडे वळवायला लावले. मी म्हणालो, "ताई, गटारावर मतं पडत नाहीत." म्हणाल्या, "माहितेय."

काम निघालं ते २०१४ च्या जानेवारीत. दोन महिने रस्ता उघडा. धूळ, गाड्या लांब लावायच्या, शाळेची रिक्षा आत येईना. दादाचा रोज फोन, "तुझ्या त्या बाईने वाट लावली रस्त्याची." चर बुजवायच्या दिवशी बाई हजर. ठेकेदाराच्या माणसांना सगळी माती एकदम लोटून वरून रोलर फिरवायचा असतो. थर मात्र आठ-नऊ इंचांचा एकेक टाकायचा, पाणी मारून दाबायचा, मग पुढचा. हे मी त्यांना एकदा बोललो होतो. त्यांनी पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि चरात सोडली. सोळा इंच भरलं. मुकादम हसला. "परत काढा," बाई म्हणाल्या. मुकादमाने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी "काढा" म्हणालो याचा मला निवृत्तीच्या नारळापेक्षा जास्त अभिमान आहे.

डांबराचे पैसे गटारात गेलेले, त्यामुळे वर नुसते चरापुरते पट्टे मारले. रस्ता गोधडीसारखा दिसायचा. २०१४, १५, १६ असे तीन पावसाळे गेले, कोपऱ्यावर खड्डा नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. न पडलेल्या खड्ड्याचा फोटो काढून फ्लेक्सवर लावता येत नाही ना.

२०१७ ला बाई पडल्या. दादाने विरोधात मत दिलं आणि मला फोन करून सांगितलं, "पाच वर्षांत तिने डांबराचा एक थेंब टाकला नाही." २०१८ मध्ये नव्या नगरसेवकांनी त्याच रस्त्यावर कार्पेट टाकलं, कोपऱ्यावर ग्रॅनाइटचा फलक लागला, 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. रस्ता आजही ठीक आहे. दादा प्रत्येक दिवाळीला मला तो फलक दाखवतो. "याला म्हणतात काम."

तर तुमचा प्रश्न. रस्ते मोजू नका. उमेदवार दारात आला की विचारा, आमच्या रस्त्याचं पाणी कुठे जातं? ज्याला हे सांगता येत नाही त्याने डांबराची भाषा करू नये. आणि जो म्हणेल "पुन्हा नवीन करून देतो", त्याला विचारा, आधीच्या कामाचा दोष दायित्व कालावधी संपला का? या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत चालू असताना नवं डांबर टाकणं म्हणजे तुमच्या पैशाने ठेकेदाराची सुटका. तुमच्याकडे चार वर्षांत दोनदा पडलंय, म्हणून मला हा वास येतोय.

हे नगरसेवक सांगत नसेल तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र), दोष दायित्व कालावधी आणि मोजमाप पुस्तकाची प्रत, एवढंच मागा. 'रस्त्याची संपूर्ण माहिती' असं मोघम लिहिलंत तर आमच्यासारखा कुणीतरी तुम्हाला २०० पानं नाहीतर शून्य पानं देईल. प्रत्यक्ष कामाची पाहणी करायचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क त्याच कायद्यात आहे. हा अर्ज आला की कार्यालयात चहा थंड होतो, स्वतः पाहिलंय. काम चालू असताना उभे राहू शकलात तर आणखी उत्तम. डांबरी माल प्लँटवरून १५० अंशांच्या आसपास निघतो. ९० च्या खाली उतरला की रोलर नुसता फिरतो, दाबत नाही. ट्रकवर ताडपत्री नसेल आणि माल वाफाळत नसेल तर तिथल्या अभियंत्याला तापमान विचारा. थर्मामीटर नाही म्हणाला तर त्याचं नाव लिहून घ्या.

फोन उचलत नाहीत म्हणता, तर फोन करूच नका. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या, नगरसेवकाला प्रत द्या. खड्ड्यात पडून कुणाला लागलं, देव न करो, तर ही पोच कामाला येते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं आहे, आणि ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायलाही. नगरसेवकाकडून नव्हे. यावरूनच कळतं खड्डा कुणाचा ते.

आणखी एक. मार्च २०२२ पासून मुंबई-पुण्यासकट राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. "नगरसेवक नसले तर बरं, टक्केवारी तरी थांबेल" म्हणणारे, यात दादाही आला, त्यांना विचारावंसं वाटतं, मग खड्डे कमी झाले का? उलट एप्रिलच्या उन्हात उकिडवं बसून ओली माती दाखवणारं कुणी उरलं नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही, नाहीतर बायको म्हणेल एकतर्फी लिहिलं. बाई फक्त डांबरामुळे पडल्या नाहीत. २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग झाला, हद्द बदलली, निम्मे मतदार त्यांना ओळखतही नव्हते. टक्का घेणारे नगरसेवक मी पाहिलेत, घेणारे अभियंतेही. काही रस्त्यांना खरंच डांबरच हवं असतं, प्रत्येक खड्ड्याखाली गळकी जलवाहिनी नसते. २०१८ चं कार्पेटही वाईट नव्हतं. जुना थर खरवडून मगच टाकलं, तो आग्रह माझा होता. आधीच्या तीन कार्पेटांनी रस्ता दादाच्या फाटकापेक्षा चांगला वीतभर उंच केला होता आणि त्याच्या अंगणात पाणी शिरायचं. ते बंद झालं त्याचं श्रेयही त्याने फलकालाच दिलं. आणि फोनचं म्हणाल तर बाईसुद्धा दुपारी दोन ते चार फोन उचलायच्या नाहीत. मशीनवर बसायच्या.

त्या फलकाच्या बरोबर खाली पावसाळी गटाराचं चेंबर आहे. झाकण बिडाचं, त्यावर विभागाचं नाव आणि खाली सन ओतलेला, २०१४. दादा म्हणतो गुडघ्यामुळे वाकून बघता येत नाही. म्हणून गेल्या गणपतीत मी स्वतः झाडूने माती काढून झाकणाचा फोटो घेतला, सन स्पष्ट दिसेल असा, आणि त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.